गॅलनमागे पंचवीस सेंट: वॉशिंग्टन राज्याच्या कार्बन टॅक्सचं प्रकरण, २०१५ ते २०२४

३० ऑक्टोबर २०१६, लक्ष्मीपूजनाचा दिवस. सिएटलच्या पूर्वेला तळ्यापलीकडे जी उपनगरं आहेत, जिथे सॉफ्टवेअरवाली मराठी घरं भरपूर आहेत, तिथल्या एका घरात फराळाला आम्ही सात-आठ कुटुंबं जमलो होतो. डायनिंग टेबलवर चकलीच्या डब्याशेजारी काकांचं बॅलट पडलेलं आणि त्याच्या खाली राज्य सरकारची मतदार पुस्तिका. वॉशिंग्टनमध्ये मतदान पोस्टाने होतं, बॅलट दोन-अडीच आठवडे आधी घरी येतं, त्यामुळे लोक निवांत बसून, पुस्तिका वाचून, एकमेकांना विचारून भरतात. काका इथे तीस वर्षं राहिलेले, आणि मी त्यांना वर्षभर इनिशिएटिव्ह ७३२ बद्दल, म्हणजे नागरिकांनी सह्या जमवून बॅलटवर आणलेल्या कार्बन टॅक्सच्या कायद्याबद्दल, सांगून सांगून पिडलं होतं. त्यांनी पुस्तिकेतलं एक पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, तू म्हणतोस जेवढा टॅक्स घेणार तेवढा परत देणार. मग हे सरकार काय म्हणतंय, सहा वर्षांत जवळजवळ ८० कोटी डॉलर कमी पडणार? शाळांचं काय मग?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते चार मिनिटांचं होतं, आणि काकूंनी तेवढ्यात आरतीला हाक मारली.

हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. ज्या स्वयंसेवक गटात मी होतो त्यातल्या कुणाचं नाव, गावाचं नाव इथे टाकत नाही. कायदे, आकडे आणि राजकारणी मंडळी सार्वजनिक आहेत, ती आहेत तशी.

## पार्श्वभूमी

आधी राज्य समजून घ्यायला हवं. वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. इथली बहुतांश वीज धरणांची, कोलंबिया नदीवरची, त्यामुळे कार्बनचा मोठा वाटा वीजनिर्मितीतून येत नाही, तो गाड्या, ट्रक आणि विमानांतून येतो. म्हणजे इथे कार्बनवर टॅक्स लावायचा तर तो पेट्रोलपंपावरच दिसणार, इथल्या भाषेत गॅस स्टेशनवर. दुसरी गोष्ट, राज्याचा इन्कम टॅक्स तेव्हा नव्हता. सगळा भार सेल्स टॅक्सवर, राज्याचा साडेसहा टक्के आणि वर शहराचा, मिळून सिएटलमध्ये तेव्हा साडेनऊच्या आसपास जायचा. त्यामुळे गरिबाच्या कमाईतला मोठा हिस्सा टॅक्सात जायचा आणि श्रीमंताचा अगदी थोडा. तिसरी गोष्ट शाळांची. राज्य शाळांना पुरेसा पैसा देत नाही असा निकाल राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये दिला होता, आणि ऑगस्ट २०१५ पासून तर कोर्टाने सरकारला रोज एक लाख डॉलरचा दंड लावला होता. त्या काळात राज्याच्या तिजोरीतून एक डॉलर जरी कमी होणार म्हटलं तरी लोकांच्या डोळ्यासमोर पहिली शाळाच यायची. काकांचा प्रश्न त्यातूनच आलेला, हे मला तेव्हा पुरेसं कळलं नव्हतं.

आणि २०१५ चा उन्हाळा. डोंगरावर बर्फ फारच कमी पडलं, मे महिन्यात गव्हर्नर जे इन्सली यांनी राज्यभर दुष्काळ जाहीर केला, आणि ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या ओकानोगन भागात जंगलं पेटली. त्या वर्षी राज्यात दहा लाख एकरांवर जमीन जळाली, ट्विस्प गावाजवळ तीन फायरफायटर गेले. दुष्काळ हा शब्द आपण घरून घेऊन आलेला असतो पण सिएटलसारख्या सदा पावसाळी ठिकाणी तो ऐकताना पोटात गोळा आला. माझं त्या गटात जाणं तेव्हापासूनचं.

इनिशिएटिव्ह ७३२ ची कल्पना शेजारच्या कॅनडातून आलेली. ब्रिटिश कोलंबियाने २००८ मध्ये कार्बन टॅक्स लावला, कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे १० डॉलरपासून सुरू करून २०१२ पर्यंत ३० वर नेला, आणि आलेला पैसा बाकीचे टॅक्स कमी करून लोकांना परत दिला. तेच आपल्याकडे करायचं, असं यॉरम बाउमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने लावून धरलं. आराखडा असा, की २०१७ मध्ये टनामागे १५ डॉलर, वर्षभराने २५, मग हळूहळू वाढत जास्तीत जास्त १०० पर्यंत. पेट्रोलच्या हिशोबात २५ डॉलर म्हणजे गॅलनमागे साधारण पंचवीस सेंट. बदल्यात राज्याचा सेल्स टॅक्स पूर्ण एक टक्क्याने कमी, कमी उत्पन्नाच्या चार लाखांहून जास्त कुटुंबांना वर्षाला १५०० डॉलरपर्यंत परतावा, आणि कारखान्यांचा टॅक्स जवळजवळ शून्य. सरकारला एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही.

कागदावर हे इतकं सुंदर दिसायचं की आमच्यासारख्या इंजिनिअर लोकांना त्याचा मोहच पडला.

## अडचण

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की तेल कंपन्यांनी हे पाडलं असेल. तसं झालं नाही. २०१६ मध्ये तेल कंपन्यांनी फारसा हात सैलही सोडला नाही, त्यांना गरजच पडली नाही, कारण भांडण आपल्याच घरात लागलं होतं.

राज्यात त्याच वेळी दुसरी एक मोठी आघाडी उभी राहिली होती, अलायन्स फॉर जॉब्स अँड क्लीन एनर्जी, ज्यात कामगार संघटना, पर्यावरण संस्था, स्थलांतरितांच्या आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो वस्त्यांच्या संघटना होत्या. त्यांचं म्हणणं, कार्बनवर पैसे घ्या, जरूर घ्या, पण ते परत वाटू नका, ते सौरऊर्जा, बस, घरांचं इन्सुलेशन, ज्या वस्त्यांनी हायवेचा धूर पिढ्यान् पिढ्या खाल्ला त्या वस्त्या, आणि ज्यांच्या नोकऱ्या जातील ते कामगार, यांच्यावर खर्च करा. आणि दुसरं म्हणणं जास्त टोचणारं, की हा कायदा लिहिताना आम्हाला कुणी विचारलं? सिएरा क्लब या मोठ्या पर्यावरण संस्थेने पाठिंबा दिला नाही, राज्यातल्या कामगार संघटनांच्या लेबर कौन्सिलने विरोध केला, डेमोक्रॅटिक पक्षाने विरोध केला. हवामानाच्या प्रश्नावर ज्यांचं नाव देशभर घेतलं जायचं ते इन्सलीसुद्धा बाजूने आले नाहीत. आमच्या बाजूला राहिले विद्यापीठातले शास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, ऑड्युबॉन या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेची राज्य शाखा, आणि थोडे रिपब्लिकन.

वर हे अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष. ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्या तीन वादविवादांत एकाही मॉडरेटरने हवामान बदलावर थेट प्रश्न विचारला नाही. पॅरिस करार ४ नोव्हेंबर २०१६ ला लागू झाला आणि ८ नोव्हेंबरला मतदान होतं, मधे चार दिवस. पण टीव्ही लावला तर त्याचा मागमूस नाही. सगळी हवा वरच्या लढाईने खाल्लेली, आणि खाली बॅलटवर देशातला पहिला राज्यव्यापी कार्बन टॅक्स मतदारांसमोर होता तो लोकांना उघडून वाचेपर्यंत माहीतच नव्हता.

## समोर असलेले पर्याय

पहिला आणि खरा निर्णय डिसेंबर २०१५ मधला. हे इनिशिएटिव्ह विधानसभेकडे जाणारं होतं, म्हणजे २,४६,३७२ वैध सह्या जमवायच्या, त्या दिल्या की आधी विधानसभा बघणार, तिने काही केलं नाही तर आपोआप नोव्हेंबर २०१६ च्या बॅलटवर. साडेतीन लाखांच्या वर सह्या जमल्या होत्या. आघाडीचं म्हणणं होतं की थांबा, सह्या देऊ नका, आपण मिळून एक मसुदा करू.

आमच्या गटाची बैठक लायब्ररीच्या छोट्या खोलीत झाली, आम्ही बारा जण. अंतिम निर्णय अर्थातच आमच्या हातात नव्हता, पण राज्यभरच्या स्वयंसेवकांचं मत मागितलं होतं. तीन वाटा होत्या. सह्या द्यायच्या आणि पुढे जायचं. थांबायचं आणि आघाडीशी जुळवून घ्यायचं. किंवा विधानसभेवर सोडायचं, जी त्या वर्षी इन्सलींचा स्वतःचा प्रस्तावही पास करू शकली नव्हती कारण सिनेट रिपब्लिकनांच्या हातात होतं.

तिसरी वाट कुणालाच नको होती. दुसऱ्या वाटेच्या बाजूने एकटी एक निवृत्त शिक्षिका बोलली, सिएटलच्या दक्षिण भागात आयुष्यभर शिकवलेली बाई. तिने विचारलं, या खोलीत भाड्याच्या घरात राहणारा कोण आहे? कुणी हात वर केला नाही. तिने विचारलं, युनियनमध्ये कोण आहे? तिचा स्वतःचा एक हात. मग ती म्हणाली की आपण ज्यांच्यासाठी परतावा ठेवलाय त्यांच्यातलं आपल्याकडे कुणीच नाही, आणि त्यांच्या संघटना तिकडे आहेत, तर आपण चुकतोय असं निदान वाटायला तरी हवं.

मी तिच्याविरुद्ध बोललो. माझा मुद्दा असा होता की आघाडीकडे अजून मसुदाच नाही, आमच्याकडे लिहिलेला कायदा आहे, सह्या आहेत, आणि दोन वर्षं वाट बघायची म्हणजे दोन वर्षांचा धूर. शिवाय मला मनापासून वाटत होतं की पैसा लोकांना परत देणं हेच जास्त न्यायाचं, सरकारने ठरवण्यापेक्षा. अकरा विरुद्ध एक. पूर्ण राज्याचाही कौल पुढे जा असाच आला, आघाडीशी बोलणं झालं पण जुळलं नाही, सह्या भरल्या गेल्या.

आज विचाराल तर मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तिने दोन प्रश्न विचारले होते आणि मी उत्तर तिसऱ्याच प्रश्नाचं दिलं.

## काय केलं

सह्यांचं काम २०१५ च्या उन्हाळ्यापासून चाललेलं. फार्मर्स मार्केट, लायब्ररीच्या पायऱ्या, गणपतीच्या कार्यक्रमाच्या हॉलबाहेर टेबल. मोठा कागद, त्यावर वीस ओळी, प्रत्येक ओळीत नाव-पत्ता-सही, आणि मागे कायद्याचा पूर्ण मजकूर बारीक अक्षरात. पावसात तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून सही घ्यायची म्हणजे एक कलाच, बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही, मग परत कोरडा कागद. गणपतीला आमच्या मंडळींनी भराभर सह्या दिल्या, पण निम्म्या लोकांना द्यायची इच्छा असून देता आली नाही कारण ते एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर, मतदार नाहीत. त्यांतले कितीतरी जण म्हणाले, आम्ही टॅक्स भरतो, धूर खातो, मुलं इथल्या शाळेत, पण बोलायची सोय नाही. मी त्यांना म्हणायचो, तुमच्या ओळखीच्या नागरिकाला सांगा. त्याहून जास्त काही सुचलं नाही.

२०१६ च्या ऑगस्टनंतर दारोदार. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की आमचा कायदा समजावून सांगायला अवघड आहे. वाचल्यावर पटतो, ऐकल्यावर निसटतो. एक माणूस आठवतो, ड्राइव्हवेमध्ये पिकअप ट्रकचं बॉनेट उघडून उभा, हात तेलकट. रोज कामाला जायला-यायला मिळून सत्तर मैल. मी सांगितलं, गॅस गॅलनमागे पंचवीस सेंट वाढेल पण सेल्स टॅक्स एक टक्का कमी होईल. त्याने तिथल्या तिथे हिशोब केला. आठवड्याला एवढे गॅलन, एवढे सेंट, वर्षाला एवढे डॉलर. मग म्हणाला, आणि सेल्स टॅक्समधून किती वाचतील? मी म्हटलं, वर्षाला तीस हजारांची टॅक्स लागणारी खरेदी केलीत तर तीनशे. तो हसला नाही, चिडला नाही, शांतपणे म्हणाला, भाड्यावर सेल्स टॅक्स लागत नाही, किराण्यावर लागत नाही, मी तीस हजारांचं घेतो काय असं?

बरोबर होतं त्याचं. वॉशिंग्टनमध्ये किराण्यावर सेल्स टॅक्स नाहीच. त्याला कदाचित १५०० डॉलरपर्यंतचा परतावा मिळाला असता, कदाचित तो त्या मर्यादेच्या थोडा वर असेल, मला दारात उभं राहून सांगता येईना. त्याला पंपावरचा पंचवीस सेंटचा आकडा रोज दिसणार होता, सहा फूट उंच बोर्डावर. परत मिळणारे पैसे पावतीच्या तळाशी एका ओळीत विरघळून जाणार होते. घेताना सगळ्यांना दिसतं आणि देताना कुणाला दिसत नाही, असा कायदा आम्ही दारोदार विकत होतो.

आणि मग पुस्तिकेतलं ते पान. राज्याच्या अर्थखात्याला कायद्याप्रमाणे प्रत्येक इनिशिएटिव्हचा आर्थिक अंदाज छापावा लागतो, त्यात आलं की सहा वर्षांत सुमारे ८० कोटी डॉलर तूट. आमच्या बाजूच्या अभ्यासकांनी आकडेमोड करून दाखवलं की फरक याहून खूप लहान आहे, राज्याच्या एकूण बजेटपुढे नगण्य आहे, काही अंदाज धरताना चूक आहे. खरं असेलही. पण पुस्तिका राज्यातल्या प्रत्येक घरात गेली होती आणि आमचं उत्तर वेबसाइटवर होतं.

इथे दुसरा निर्णय आला. उरलेले दहा-बारा दिवस काय बोलायचं? एक पर्याय, आकड्याशी भांडायचं. दुसरा, आकडा मान्य करून सांगायचं की थोडी तूट आली तर विधानसभा भरून काढू शकते. तिसरा, आकड्याला हातच लावायचा नाही, जंगलांच्या आगींबद्दल, मुलांच्या दम्याबद्दल बोलायचं. आम्ही पहिला घेतला. फोनवर, दारात, दिवाळीच्या फराळाला, सगळीकडे आम्ही अकाउंटंटसारखे बोलत बसलो. समोरच्याने शाळा म्हटलं की आम्ही म्हणायचो, नाही, तो अंदाज चुकलाय. म्हणजे त्याच्या काळजीला उत्तर नाही, त्याच्या गणिताला उत्तर. काकांनी शेवटी बॅलटवर काय केलं ते मी विचारलं नाही.

## निकाल, पहिला

८ नोव्हेंबर २०१६. सुमारे ५९ टक्के विरोधात, ४१ टक्क्यांच्या आतबाहेर बाजूने. त्याच बॅलटवर, त्याच राज्यात हिलरी क्लिंटनना साडेबावन्न टक्के मतं होती. म्हणजे क्लिंटनना मत देणाऱ्या बऱ्याच लोकांनी, जे हवामान बदल खरा मानतात, ज्यांना ट्रम्पचं 'चिनी लोकांनी रचलेली फसवणूक' वालं बोलणं संतापजनक वाटायचं, त्यांनीच आमच्या प्रश्नावर नाही वर काळं केलं. त्या रात्री देशाचा निकाल एवढा मोठा होता की आमच्या पराभवाबद्दल कुणी बोललंसुद्धा नाही. आमच्या गटाचा ग्रुप दोन आठवडे गप्प होता.

## पुन्हा तोच प्रश्न, २०१८

आता आघाडीची पाळी. त्यांनी इनिशिएटिव्ह १६३१ आणलं. टनामागे १५ डॉलर, दर वर्षी २ डॉलर वाढ, पैसा परत नाही, तो गुंतवायचा, ७० टक्के स्वच्छ हवा आणि ऊर्जेत, २५ टक्के पाणी-जंगलात, ५ टक्के वस्त्यांसाठी. आदिवासी राष्ट्रं बरोबर, इन्सली बरोबर, बिल गेट्स यांनीही पाठिंबा आणि पैसा दिला. या वेळी मसुदा दोन वर्षं सगळ्यांशी बोलून झालेला.

आमच्या गटापुढे प्रश्न, यांच्यासाठी काम करायचं का? ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आपल्याला पाडलं. बाराचे सात उरले होते, त्यातले दोघं नाही म्हणाले, एकाने तर विरोधात मत देणार असं जाहीर केलं, कारण पैसा परत देणं हेच तत्त्व. ७३२ च्या बाजूचे काही नावाजलेले लोकही १६३१ च्या विरोधात गेले. मी गेलो काम करायला. त्यात मोठेपणा काही नव्हता, ऑगस्टमध्ये सिएटलवर आगींचा धूर इतका साचला होता की शाळेच्या मैदानावर मुलांना सोडत नव्हते, सूर्य भगवा गोळा दिसायचा, आणि माझ्या धाकट्याला इनहेलर लागला. त्यानंतर परतावा की गुंतवणूक हा वाद घालायची मला ताकदच उरली नाही.

या वेळी तेल कंपन्या उतरल्या. ३ कोटी १० लाख डॉलरच्या वर खर्च, एकट्या बीपीचा त्यात मोठा वाटा. जाहिराती हुशार होत्या, हवामान बदल खोटा आहे असं कुणीही म्हटलं नाही. म्हटलं काय, तर हा कायदा अन्यायाचा आहे, मोठ्या प्रदूषकांना सूट आहे आणि तुम्हाला नाही. सेंट्रेलियाचा कोळशाचा प्लांट २०२५ पर्यंत बंद व्हायचाच होता म्हणून त्याला सूट होती, तेवढं उदाहरण त्यांना पुरलं. निकाल सुमारे ५६.५ टक्के विरोधात. आधीपेक्षा थोडा बरा, पण पराभवच.

## निकाल, दुसरा

त्यानंतरची वाट बॅलटवरून गेलीच नाही. नोव्हेंबर २०१७ च्या पोटनिवडणुकीत आमच्याच बाजूच्या मतदारसंघातून मंका धिंग्रा निवडून आल्या होत्या आणि त्या एका जागेने सिनेट डेमोक्रॅट्सकडे आलं होतं. तरी २०१८ च्या मार्चमध्ये एक-दोन मतांसाठी कार्बन टॅक्सचं बिल अडलं. शेवटी २०२१ मध्ये विधानसभेने क्लायमेट कमिटमेंट अ‍ॅक्ट पास केला. टॅक्स हा शब्दच नाही. प्रदूषणाची एकूण मर्यादा, दर वर्षी ती खाली, आणि कंपन्यांनी परवाने लिलावात विकत घ्यायचे. जानेवारी २०२३ पासून सुरू, पहिल्याच वर्षी सुमारे १ अब्ज ८० कोटी डॉलर आले.

पेट्रोल महागलं. जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनने कॅलिफोर्नियालाही मागे टाकलं. ब्रायन हेवुड या गुंतवणूकदाराने सह्यांच्या मोहिमेला पैसा पुरवला आणि कायदा रद्द करणारं इनिशिएटिव्ह २११७ बरोबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या बॅलटवर आलं. मला खरंच भीती वाटली. वर ट्रम्प, खाली महाग पेट्रोल, आणि दोनदा नाही म्हणालेले मतदार.

पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, पैसा खर्च होताना दिसत होता. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट, तो राज्याचा वाहतुकीचा कार्यक्रम याच पैशावर उभा. माझा मुलगा शाळेतून एकटा बसने येतो, त्याला हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांना सप्टेंबर २०२४ मध्ये वीजबिलात २०० डॉलर जमा झाले (निवडणुकीच्या तोंडावर दिले अशी टीका झाली, आणि ती टीका करण्यासारखी वेळ होतीच). दुसरी गोष्ट, २०२२ च्या एका कायद्यामुळे असं इनिशिएटिव्ह असेल तर त्याने कशाचा पैसा कमी होईल ती ओळ आता थेट बॅलटवर, प्रश्नाबरोबरच छापतात. २११७ च्या मजकुरात स्पष्ट होतं, की वाहतूक, स्वच्छ हवा, अक्षय ऊर्जा, निसर्गसंवर्धन यांचा पैसा कमी होईल. २०१६ मध्ये जी हिशोबाची ओळ आम्हाला बुडवून गेली होती, तशाच ओळीने आठ वर्षांनी कायदा तारला.

५ नोव्हेंबर २०२४ ला रद्द करायला सुमारे ६२ टक्के लोकांनी नकार दिला. कमला हॅरिसना राज्यात ५७ टक्के होती. २०१६ मध्ये हवामानाचा प्रश्न आमच्या राज्यात डेमोक्रॅट उमेदवाराच्या बारा टक्के मागे होता, या वेळी पाच टक्के पुढे. म्हणजे ट्रम्पला मत देणाऱ्या काही लोकांनीही कायदा राखला. त्याच रात्री देशाने पॅरिस करार पुन्हा सोडणाऱ्याला निवडलं, हे दोन्ही एकाच स्क्रीनवर बघताना नक्की काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

## निर्णयाच्या जागा, आणि आता काय वेगळं केलं असतं

लायब्ररीतली ती बैठक. आज मी थांबा म्हटलं असतं का? कायमचं थांबा असं नाही. पण सह्या जमवायला सुरुवात करायच्या *आधी*, म्हणजे २०१४-१५ मध्येच, मसुदा घेऊन दक्षिण सिएटलला, याकिमाच्या शेतमजुरांच्या संघटनेकडे, युनियनच्या हॉलमध्ये जायला हवं होतं. सह्या घेतल्यावर कायद्याचा एक शब्द बदलता येत नाही, त्यामुळे डिसेंबरमधलं सगळं बोलणं 'घ्या नाहीतर सोडा' असंच होणार होतं. जोडायची वेळ दीड वर्ष आधी निघून गेली होती आणि आम्ही तेव्हा परताव्याची टक्केवारी ठरवत होतो.

परताव्याबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही, आणि यावर माझं आणि त्या शिक्षिकेचं आजही पटत नाही. पैसा लोकांना परत देता येतो, पण तो सेल्स टॅक्समध्ये विरघळवून देऊ नये. चेक पाठवा, बिलात ओळ छापा, बस फुकट करा. २०० डॉलरची वीजबिलातली एक ओळ माझ्या शेजाऱ्याने मला फोनवर दाखवली होती. सेल्स टॅक्समधला एक टक्का कुणी दाखवला असता?

तुटीच्या पानाबद्दल. सरकारचा आर्थिक अंदाज काय येईल हे मसुदा करतानाच त्या खात्याकडून कच्च्या स्वरूपात काढून घेण्याचा प्रयत्न करायला हवा होता, आणि परतावा थोडा कमी ठेवून शिल्लक दाखवायला हवी होती. तूट दिसण्यापेक्षा दोन-चार कोटी शिल्लक दिसली असती तर कुणी भांडलं नसतं. आणि ते पान छापून आल्यावर, शाळेबद्दल विचारणाऱ्याला आधी शाळेचं उत्तर द्यायचं. माझी दोन्ही मुलं त्याच सरकारी शाळेत होती, मी काकांना हेच पहिलं वाक्य म्हणायला हवं होतं.

२०१८ ला काम केलं ते बरोबर केलं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यावर राग नाही, पण बारा माणसांचा गट तत्त्वावरून फुटला आणि परत जमला नाही, २०२४ ला आम्ही तिघंच होतो.

तिघांतली एक ती शिक्षिका, आता ऐंशीच्या घरात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती आणि मी एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये पत्रकं वाटत होतो, जिथे २०१६ मध्ये मी एकदाही गेलो नव्हतो कारण आमच्या यादीत स्वतःच्या घरांचे पत्ते होते. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं, कडेवर मूल, आतून फोडणीचा वास. बघतो तर मराठी. ती नर्सिंग असिस्टंट, नवरा ट्रक चालवतो, नाशिककडचे. पत्रक हातात घेऊन तिने विचारलं, "दादा, हे हो म्हणायचं की नाही म्हणायचं? कायदा ठेवायचाय तर नाही म्हणायचं ना?" मी म्हटलं, हो ताई, ठेवायचाय तर नाही. तिने आतून बॅलट आणलं, दाराच्या चौकटीवर धरूनच नाहीचा गोल काळा केला, आणि पेन मला परत दिलं.